मऊ अट

शिरोलीच्या आमच्या फौंड्रीत
पाळ्यांचा तक्ता सव्वीस वर्षं मीच लावला.
पाठकोऱ्या कागदावर, पट्टीनं रेघा मारून,
पेन्सिलीनं. कारण माणूस खोडावा लागतो.

आता टेबलावर पडदा आहे
आणि शेजारी सन्मती मगदूम, रुकडीचा पोरगा,
पुण्याच्या कंपनीनं पाठवलेला.
म्हणतो, काका, तुम्ही फक्त अटी सांगा.
तक्ता हे लावेल,
सगळ्यात स्वस्त पडेल असा.

सांगू लागलो.
भट्टी रात्री, कारण रात्री वीज स्वस्त.
लॅडलवर नवखा एकटा नको.
ह्या त्यानं कठोर अटींत घातल्या. मोडायच्याच नाहीत.

मग म्हटलं, बाळगोंडाची म्हैस.
सन्मतीची बोटं थांबली.
म्हटलं, वडणग्यात पहाटे साडेपाचला डेअरीची गाडी येते,
आणि ती म्हैस दुसऱ्या कुणाला धार काढू देत नाही, लाथ झाडते,
म्हणून बाळगोंडा कायम जनरलला.
इलाही मुजावर गुरुवारी दुपारी नाही,
सीपीआरला बहिणीचं डायलिसिस.
हिंदुराव आणि त्याचा मेव्हणा एका पाळीत चालतात,
एका साच्यावर नाही,
दोन गुंठ्यांपायी नऊ वर्षं अबोला आहे.

पोरगा हसला नाही. बरं वाटलं.
म्हणाला, ह्या मऊ अटी, काका.
मोडता येतात, पण मोडली की दंड बसतो.
किती बसवायचा ते तुम्ही सांगा. रुपयांत.

म्हशीचे किती लावू?
दोनशे म्हटलं, आणि उगाच ओशाळलो.
डायलिसिसला पाच हजार,
मग एक शून्य वाढवलं,
मालक बघतील म्हणून काढलं,
सन्मती चहाला गेल्यावर परत घातलं.

चाळीस सेकंदांत महिना लागला.
ओव्हरटाइम अकरा टक्क्यांनी खाली.
माझा एक रविवार जायचा ह्यात,
आणि अर्धं खोडरबर.

सन्मतीनं माझे जुने तक्तेही भरले होते आत,
सवयी कळाव्यात म्हणून.
पडद्यावर पट्ट्या उभ्या राहिल्या.
तिसरी पाळी, गेली तीन वर्षं, माणसागणिक.
सगळ्यांच्या गुडघ्याएवढ्या.
एक तेवढी छताला टेकलेली.
वसंत मधाळे.

ह्यांची काही अट, काका?
नाही म्हटलं. तो कधी काही बोलत नाही.

आणि ते वाक्य तिथंच राहिलं हवेत,
फेटलिंगची धूळ उन्हाच्या तिरिपीत दिसते तसं.
जागा भरत नसली की
पेन्सिल आपोआप त्याच्या नावावर जायची.
कुणी सांगितलं नव्हतं.
चौगल्याला विचारून टाकायचो, पाटलाला विचारून टाकायचो,
मधाळेला टाकून सांगायचो.

त्या रात्री पावणेदहापर्यंत गेटवर थांबलो.
तो आला, हँडलला डबा.
विचारलं, वसंता, तुला कुठली पाळी नको?
हेल्मेट काढून त्यानं मागं वळून बघितलं,
दुसरा कोण वसंता आहे का, असं.
मग म्हणाला,
असं एकदम इचारता व्हय, साहेब.
घरात बोलून सांगतो. उद्या.
आणि पंचिंगला उशीर नको म्हणून पळत आत गेला.

आज सकाळपासून त्याच्या नावापुढचा चौकोन लाल आहे.
रकाना भरा, म्हणतंय ते,
नाहीतर पुढं सरकणार नाही.
सन्मती म्हणतो, तात्पुरतं शून्य टाका.

शून्यच टाकत आलोय रे बाबा.
थांबू दे त्याला.

सही करून जुनाच तक्ता भिंतीवर लावला.
आज रात्रीही तिसरीला
मधाळे आहे.